ऐकून मोजता येईल अशी यादी कशी करावी

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एका मित्राचा फोन आला. तो जन्मापासून अंध, बँकेत नोकरीला, कॉम्प्युटरवर माझ्या दुप्पट वेगाने काम करणारा. भाचीच्या बी.कॉम. प्रवेशासाठी कॉलेजने पाठवलेली सूचना त्याने मला धाडली होती. "यात कागदपत्रं नक्की किती मागितली आहेत रे?" मी फाइल उघडली, एक नजर टाकली आणि म्हणालो, "नऊ." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "मी तीनदा ऐकली. एकदा अकरा आली, दोनदा सात."

फाइल उलगडून पाहिली तेव्हा घोळ कळला. मुख्य मजकुरात सातच बाबी होत्या. त्यातल्या चार लांब होत्या म्हणून टाइप करणाऱ्याने मध्येच एंटर मारून त्या दोन-दोन ओळींत तोडल्या होत्या. सातचे अकरा झाले ते तिथे. उरलेल्या दोन बाबी पानाच्या उजव्या कोपऱ्यात एका रंगीत चौकटीत होत्या आणि ती चौकट त्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेतच येत नव्हती. म्हणजे त्याने तेरा वेळा ऐकली असती तरी नऊचा आकडा त्याला मिळाला नसता.

नोटीस, परिपत्रक, सभेची विषयपत्रिका, प्रश्नपत्रिका किंवा अभ्यासाच्या नोट्स टाइप करणाऱ्या आणि अंध वाचकाला ऐकून समजेल अशी यादी पहिल्यांदाच करणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. कोडिंग वगैरे काही लागत नाही. लागते ती एक सवय: यादी हाताने काढायची नाही, सॉफ्टवेअरला सांगायची.

## स्क्रीन रीडरला नेमकं काय ऐकू येतं

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर एनव्हीडीए आणि जॉज ही दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात. जॉज विकत घ्यावं लागतं. एनव्हीडीए फुकट आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांनी 2006 साली त्याचं काम सुरू केलं, आणि ते दोघेही स्वतः अंध. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासून असतं.

डोळस माणूस यादी वाचण्याआधी ती पाहतो. लांबी किती, पोटयाद्या आहेत का, कुठे संपते, हे सगळं पहिला शब्द वाचायच्या आत कळलेलं असतं. ऐकणाऱ्याला हे आयतं मिळत नाही. आवाज एका रेषेत पुढे जातो, डोळ्यांसारखा पानभर फिरत नाही. ही उणीव स्क्रीन रीडर भरून काढतो, पण फाइलमध्ये यादी खरोखर यादी म्हणून नोंदलेली असेल तरच. वेबपेजवर किंवा नीट बनवलेल्या पीडीएफमध्ये तो यादीच्या तोंडाशीच सांगतो की ही नऊ बाबींची यादी आहे. आत पोटयादी आली की तिचा वेगळा आकडा सांगतो आणि यादी संपली की बाहेर पडल्याचंही सांगतो. वर्डमध्ये प्रत्येक बाबीआधी बुलेट किंवा क्रमांक बोलला जातो.

दुसरा फायदा उड्या मारण्याचा. एनव्हीडीएमध्ये वेबपेज वाचताना ‘एल’ दाबलं की थेट पुढच्या यादीवर जाता येतं, ‘आय’ दाबलं की पुढच्या बाबीवर. यादी आपल्या कामाची नाही असं कळलं तर स्वल्पविरामाचं बटण दाबून ती अख्खी ओलांडता येते. आपण नजरेने वगळतो तसंच हे. पण यादी हाताने टाइप केलेली असेल तर ही तिन्ही बटणं बिनकामाची. मग बाणाचं बटण दाबत ओळ ओळ खाली उतरायचं आणि आकडे बोटांवर मोजायचे.

वेबवरच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही मजकूर सहज वापरता यावा यासाठीचे, डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यातला 1.3.1 हा निकष साधारण हेच सांगतो: जी रचना डोळ्यांना दिसते ती यंत्रालाही कळली पाहिजे.

## यादीच्या आधी अक्षरं

मराठीत एक पायरी जास्तीची आहे, आणि ती चुकली तर पुढचं सगळं वाया. मजकूर युनिकोडमध्येच हवा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलमध्ये तो मराठी नसतो. कृतिदेवमधला ‘काम’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी डी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. त्यांच्यावर फक्त मराठी आकाराचा मुखवटा चढवलेला. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतली अक्षरं वाचतो. मग अख्खं परिपत्रक म्हणजे इंग्रजी अक्षरांचा काला. अशा फाइलमध्ये बुलेट कितीही शिस्तीत दिलेले असोत, ऐकणाऱ्याला उपयोग शून्य.

ओळखायचं कसं? मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल किंवा मंगल करा. अक्षरं मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी चिन्हांचा पसारा झाला तर जुना फॉन्ट. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात.

युनिकोड असल्याची खात्री झाली की मजकुराची भाषा मराठी ठरवा. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’, मग ‘लँग्वेज’, मग ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ आणि तिथे मराठी. ही नोंद इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने मराठी वाचायला जाऊ शकतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं चक्क गिळून टाकतात. हिंदी ठरवली तर वाचन होतं, पण तुमच्या ११ क्रमांकाचा ‘ग्यारह’ होतो.

## वर्डमध्ये एक यादी, पहिल्यापासून

त्याच सूचनेचं उदाहरण घेऊ. कागदपत्रं साधारण अशी: बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डाची प्रत, अधिवास प्रमाणपत्र, दोन फोटो. शिवाय आरक्षित प्रवर्गासाठी जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर. अपंग विद्यार्थ्यांसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड.

१. आधी यादीची ओळख करून देणारं वाक्य लिहा आणि त्यात आकडा टाका: "प्रवेशाच्या वेळी पुढील पाच कागदपत्रं सर्वांनी आणावीत." सॉफ्टवेअर कुठलंही असो, फोन कितीही जुना असो, हा आकडा ऐकू येणारच. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच आहे. नंतर बाब वाढवली तर मात्र वाक्यातला आकडाही बदला, नाहीतर गोंधळ दुप्पट.

२. पाच बाबी पाच ओळींत नुसत्या टाइप करा. क्रमांक, रेघ, तारा, काहीही पुढे लावू नका. प्रत्येक बाबीनंतर एकदाच एंटर.

३. पाचही ओळी निवडा आणि ‘होम’ टॅबमधलं ‘बुलेट्स’ किंवा ‘नंबरिंग’ दाबा. बुलेटसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकत्र दाबलं तरी चालतं.

कुठे बुलेट आणि कुठे क्रमांक हा प्रश्न नवख्यांना पडतो. क्रम बदलला तर अर्थ बिघडतो का, हे स्वतःला विचारा. अर्ज भरण्याच्या पायऱ्यांना क्रमांक हवेतच. कागदपत्रं कुठल्याही क्रमाने चालतील, तरी मी तिथेही क्रमांक देतो. कारण खिडकीवरचा कारकून "तुमचं चार नंबरचं राहिलंय" असं म्हणणार, आणि तो चार ऐकणाऱ्यालाही सापडला पाहिजे.

४. एखाद्या बाबीत दुसरी ओळ घालायची असेल, समजा फोटोच्या खाली मापाची सूचना, तर एंटर मारू नका. शिफ्ट दाबून एंटर मारा. त्याने ओळ बदलते पण बाब तीच राहते. माझ्या मित्राच्या सातचे अकरा झाले ते याच एका बटणापायी.

५. पोटयादी हवी असेल तर बाबीच्या सुरुवातीला कर्सर नेऊन टॅब दाबा. परत बाहेर यायला शिफ्ट आणि टॅब. स्पेसबार दाबून दाबून ओळ आत सरकवली तर दिसायला पोटयादी होते, ऐकायला होत नाही.

पोटयादीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दोन पातळ्यांच्या पुढे जाऊ नका. पडद्यावर तिसरी पातळी आणखी थोडी आत सरकलेली दिसते आणि डोळा सांभाळून घेतो. ऐकणाऱ्याला मात्र आपण किती पायऱ्या खाली उतरलो हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. आपल्या उदाहरणात तर पोटयादीचीही गरज नाही. सर्वांसाठीची पाच कागदपत्रं एका मथळ्याखाली, आरक्षित प्रवर्गाची तीन दुसऱ्या मथळ्याखाली आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीचं एक तिसऱ्या मथळ्याखाली साध्या वाक्यात. एकाच बाबीची यादी करू नये. स्क्रीन रीडर "एका बाबीची यादी" असं गंभीरपणे जाहीर करतो, आणि ऐकणारा दुसरी बाब कुठे गेली ते शोधत बसतो.

६. बाबींमध्ये मोकळी जागा हवी असेल तर रिकाम्या ओळी सोडू नका. ‘पॅराग्राफ’च्या खिडकीत ‘आफ्टर’ समोर ६ पॉइंट लिहा आणि ‘डोन्ट ॲड स्पेस बिटवीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल’समोर खूण असेल तर ती काढा. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण रिकाम्या ओळी असल्या की पीडीएफ किंवा वेबपेज करताना यादीचे तुकडे पडू शकतात, आणि नऊ बाबींच्या एका यादीऐवजी एकेका बाबीच्या नऊ याद्या ऐकू येतात. मी हे ऐकलं आहे. लग्नात अक्षता पडताना प्रत्येक वेळी मंगलाष्टक पहिल्यापासून सुरू करावं, तसं वाटतं.

७. यादीच्या मध्ये एखादा परिच्छेद आला आणि नंतर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाला, तर त्या क्रमांकावर उजवं क्लिक करून ‘कंटिन्यू नंबरिंग’ निवडा. उलट, नवी यादी मागच्या क्रमांकाला चिकटली तर ‘रीस्टार्ट’. आकडा खोडून हाताने दुसरा लिहिण्याचा मोह इथेच होतो.

बाब सुरू कशी होते याकडेही लक्ष द्या. दहाच्या दहा बाबी "विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने साक्षांकित केलेली" अशा सुरू होत असतील, तर उड्या मारत जाणाऱ्याला दहा वेळा तेच पालुपद ऐकावं लागतं. नाव आधी, अट नंतर: "गुणपत्रिका, स्वतः साक्षांकित केलेली प्रत." पहिल्या दोन शब्दांत कळलं की तो पुढे जायला मोकळा.

## अ, ब, क, ड चं दुखणं

आपल्या कार्यालयीन मराठीत पोटमुद्दे अ, ब, क, ड असे लावायची जुनी रीत आहे. इंग्रजी ए, बी, सी, डीच्या चालीवर ती आली आणि रुजली. वर्डच्या तयार क्रमांकनात हा क्रम सापडत नाही. ऑफिसमध्ये मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली असेल तर ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’मध्ये १, २, ३ मिळतं, क, ख, ग मिळतं, अ, आ, इ मिळतं. अ, ब, क, ड मात्र नाही. मराठी टंकलेखक यादी हाताने टाइप करतो त्याचं अर्धं कारण हेच असावं, आळस नव्हे.

माझा उपाय: पोटमुद्द्यांना १.१, १.२ असे क्रमांक द्या. ‘मल्टिलेव्हल लिस्ट’मध्ये ते आपोआप मिळतात. ऐकायला "एक पूर्णांक दोन" किंवा "एक बिंदू दोन" असं येतं, आणि आपण कुठल्या मुद्द्याच्या पोटात आहोत हे प्रत्येक वेळी कळतं. सुट्या ‘ब’मधून ते कळत नाही. साहेबांनी अ, ब, क, ड चाच आग्रह धरला तर क, ख, ग वर तडजोड करून पाहा. तेही नको असेल तर अक्षर हाताने टाइप करा, पण त्याच्या आधी बुलेटची पोटयादी तरी खरी ठेवा. "बुलेट, ब" असं ऐकू येईल. थोडं विनोदी आहे, पण यादीचा सांगाडा वाचतो.

पुढच्या मजकुरात "वरील मुद्दा ३ पाहा" असं लिहायचं असेल तर तो ३ टाइप न करता ‘रेफरन्सेस’मधून ‘क्रॉस-रेफरन्स’ घाला. मुद्दे पुढे-मागे झाले की सगळा मजकूर निवडून एफ-९ दाबा, संदर्भ जुळून येतात. आपोआप क्रमांकाला घाबरणारे बहुतेक जण या एका गोष्टीमुळे घाबरलेले असतात.

## बुलेटच्या जागी जे येऊ नये

बुलेट म्हणून मराठी अंकातलं शून्य टाइप करणारे पुष्कळ आहेत, दिसतं गोल आणि सुबक. ऐकणाऱ्याला ते "शून्य गुणपत्रिका, शून्य दाखला, शून्य आधार कार्ड" असं ऐकू येतं. जवळ असलेली कागदपत्रंही नाहीत की काय असं वाटावं!

बोट दाखवणारा हात, लाल त्रिकोण, चमकता तारा ही व्हॉट्सॲपवरची मंडळी त्याहून वाईट. प्रत्येक इमोजीला नाव असतं आणि ते पूर्ण उच्चारलं जातं. दहा ओळींपुढे दहा हात लावले की "उजवीकडे बोट दाखवणारा हात" दहा वेळा. तीन हात ओळीने लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं? व्हॉट्सॲपमध्ये 2024 पासून साधी यादी करता येते: ओळीच्या सुरुवातीला रेघ आणि स्पेस, किंवा आकडा, टिंब आणि स्पेस. तेवढ्याने भागतं.

बरोबर आणि चूक अशा खुणांचे बुलेट वापरून "हे आणा, हे आणू नका" अशी एकच यादी करू नका. स्क्रीन रीडर दोन्ही खुणांना नुसतं "बुलेट" म्हणण्याची शक्यता असते, मग आणायचं आणि न आणायचं एकाच पिशवीत. दोन याद्या करा. रंगाचंही तसंच. "लाल अक्षरातील कागदपत्रं अनिवार्य" याऐवजी त्या बाबीतच ‘अनिवार्य’ हा शब्द लिहा. कार्यालयातला प्रिंटर काळाच असतो, तेव्हा डोळसांचीही सोय होते.

आणि विसर्ग. "टीपः", "उदाः", "विषयः" असं लिहिताना आपण अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप करतो. पडद्यावर फरक जेमतेम दिसतो, पण कानाला "टीपह" आणि "विषयह" येतं. अपूर्णविराम इंग्रजी कीबोर्डवरून घ्यावा लागला तरी घ्या.

दोन रकान्यांत नावं बसवण्यासाठी टॅब मारत बसू नका. डावीकडचं पहिलं नाव, उजवीकडचं पहिलं, मग डावीकडचं दुसरं असं आडवं वाचलं जातं आणि एक ते वीस क्रमांकांची खिचडी होते. सरळ एक लांब यादी करा आणि ‘लेआउट’मधून ‘कॉलम्स’ दोन करा. प्रत्येक नावासमोर हुद्दा आणि फोन असेल तर ती यादी नाहीच, ते कोष्टक आहे. तिथे कोष्टकच घाला. रंगीत चौकट, म्हणजे टेक्स्ट बॉक्स, तर टाळाच. मजकूर उठून दिसावा असं वाटत असेल तर परिच्छेदालाच ‘बॉर्डर’ आणि पार्श्वरंग द्या. मजकूर ओळीत राहतो आणि वाचला जातो.

## वर्ड नसेल तर

गूगल डॉक्समध्ये क्रमांकांसाठी कंट्रोल-शिफ्ट-7 आणि बुलेटसाठी कंट्रोल-शिफ्ट-8. लिबरऑफिस रायटरमध्ये क्रमांकांसाठी एफ-१२, बुलेटसाठी शिफ्ट-एफ-१२. टॅबने आत, शिफ्ट-टॅबने बाहेर, शिफ्ट-एंटरने ओळ बदल, हे तिन्हीकडे तसंच.

वेबसाइट सांभाळणाऱ्यांना एकच सूचना. ओळींपुढे रेघा मारून मध्ये बीआर टॅग टाकणं बंद करा आणि यूएल, ओएल, एलआय हे टॅग वापरा. मराठी अंकांसाठी सीएसएसमध्ये ‘देवनागरी’ नावाचा यादी-प्रकार आहे, त्यामुळे तिथेही आकडे हाताने लिहायची गरज नाही. सीएसएसने बुलेट काढून टाकलेत तर आयफोनवरचा व्हॉइसओव्हर कधी कधी तिला यादी मानत नाही, तेव्हा यूएलला ‘लिस्ट’ हा रोल स्पष्ट लिहा.

## पीडीएफ करताना सगळं घालवू नका

वर्डमध्ये मन लावून केलेली यादी शेवटच्या क्लिकला मरते ती इथे. पीडीएफमध्ये रचना टॅगच्या, म्हणजे आतल्या अदृश्य चिठ्ठ्यांच्या, रूपाने राहते. यादीचा एक टॅग, त्यात प्रत्येक बाबीचा, आणि बाबीत खुणेचा व मजकुराचा वेगळा. वर्डच्या ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा, ‘ऑप्शन्स’ उघडा आणि ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’समोर खूण आहे ना ते पाहा. लिबरऑफिसमध्ये ‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’च्या खिडकीत ‘टॅग्ड पीडीएफ’ असतं. ‘प्रिंट’ दाबून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडलंत तर कागद दिसायला तोच येतो, पण टॅग येत नाहीत.

आणि मग आपली लाडकी पद्धत: प्रिंट काढायची, सही-शिक्का घ्यायचा, स्कॅन करून ग्रुपवर टाकायचं. स्कॅन म्हणजे फोटो. त्यात यादी तर सोडाच, अक्षरंही नाहीत. सही-शिक्का लागतो हे मान्य. पण स्कॅनबरोबर मूळ टॅग असलेली पीडीएफही जोडायला कुणी अडवलेलं नाही. दोन फायली पाठवा, नावांत ‘सहीची प्रत’ आणि ‘वाचण्याची प्रत’ असं लिहा. वरिष्ठ का-कू करत असतील तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 त्यांच्यापुढे ठेवा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यातलं कलम 42 माहिती सर्वांना मिळेल अशा स्वरूपात असण्याबद्दलच आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी आणखी पुढे जाऊन सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते सल्लेवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत.

## जुनी फाइल दुरुस्त करताना

सगळी फाइल पुन्हा टाइप करू नका. ‘होम’मधल्या उलट्या पी सारख्या चिन्हावर क्लिक करा. लपलेले एंटर, टॅब, स्पेस सगळे दिसू लागतील. टॅबचे बाण आणि टिंबांच्या रांगा पाहून घाम फुटेल, पण धीर धरा.

रिकाम्या ओळी आधी काढा. कंट्रोल-एच दाबा, ‘मोअर’मधून ‘स्पेशल’ उघडा, शोधण्याच्या चौकटीत ‘पॅराग्राफ मार्क’ दोनदा आणि बदलीच्या चौकटीत एकदा टाका. ‘रिप्लेस ऑल’ एकापेक्षा जास्त वेळा दाबावं लागतं. बदल होणं थांबलं की झालं. मग तुटलेल्या बाबी जोडा, हे काम डोळ्यांनीच करायचं.

हाताने टाइप केलेले आकडे एकेक खोडायचे नाहीत. ऑल्ट दाबून धरा आणि माउस आकड्यांच्या रांगेवरून उभा ओढा. फक्त तेवढा उभा पट्टा निवडला जातो. डिलीट दाबा, आकडे गेले. पट्टा नीट बसला नाही तर कंट्रोल-झेड आहेच. आता ओळी निवडून खरं नंबरिंग द्या. पन्नास बाबींच्या यादीला दोन मिनिटं पुरतात.

## ऐकून पाहा

वर्डच्या ‘रिव्ह्यू’मध्ये ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ आहे. ते वापरा, पण त्यावर विसंबू नका. चित्राला वर्णन नाही हे ते पकडतं, हाताने टाइप केलेली यादी मात्र त्याच्या नजरेतून सहसा निसटते. खरी परीक्षा कानांची.

एनव्हीडीए बनवणाऱ्या एनव्ही ॲक्सेस या संस्थेच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्या. सुरू झाल्याबरोबर ते भराभर बोलायला लागेल. गडबडून जाऊ नका, कंट्रोल दाबलं की गप्प होतं. इन्सर्ट आणि एन दाबून मेन्यू उघडा, ‘टूल्स’मध्ये ‘स्पीच व्ह्यूअर’ सुरू करा. बोललेलं सगळं एका खिडकीत लिहूनही दिसतं, सुरुवातीला त्याचा फार आधार वाटतो. मग तुमची पीडीएफ उघडा आणि ‘एल’ दाबा. "नऊ बाबींची यादी" अशा अर्थाचं काही ऐकू आलं तर काम फत्ते. "यादी नाही" आलं तर टॅग गेलेत. छोटे छोटे आकडे आले तर मध्ये रिकाम्या ओळी राहिल्यात. ‘आय’ दाबत शेवटपर्यंत जा आणि तुमच्या वाक्यातला आकडा यंत्राच्या आकड्याशी जुळतो का पाहा. बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.

त्या सूचनेची दुरुस्त प्रत मी मित्राला पाठवली. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: "पाच, तीन आणि एक. नऊ. पण फोटो पासपोर्ट साइजचे की स्टॅम्प साइजचे, ते नाही लिहिलंय." मी मूळ फाइल पाहिली. खरंच नव्हतं लिहिलं.